घरचा कंदील

घरी आकाशकंदील करायचा ठरलं की आधी मतं जमतात, कामट्या नंतर. दुकानात हवे तितके प्रकार टांगलेले असताना, मुंबईत माहीमला तर आख्खी कंदील गल्ली असताना, घरात खळ शिजवायला घेणं हे काही व्यवहारी माणसाचं लक्षण नव्हे. पण ज्या घरात हे वेड एकदा शिरलं, तिथे ते नवरात्र उठायच्या आत डोकं वर काढतं. आणि मग त्या घरातला प्रत्येक जण कंदिलाचा तज्ज्ञ होतो. कात्री हातात धरणारा सोडून.

पारंपरिक कंदिलाच्या सांगाड्याबद्दल निदान वाद नसतो. सारख्या लांबीच्या २४ कामट्या घ्यायच्या, चार-चारचे सहा चौकोन बांधायचे. चार चौकोन टोकावर उभे करून कोपऱ्याला कोपरा बांधत फिरवून आणायचे. एक वर, एक खाली. त्रिकोण कोणी करायचे नाहीत. ते उरलेल्या जागेत आपले आपण होतात, बरोबर आठ. आर्किमिडीजच्या नावावर ज्या १३ घनाकृती सांगतात, त्यांतली ही एक. आमच्या काकांना मात्र ती त्यांच्या आजोबांची वाटते, आणि आर्किमिडीजच्या बाजूने बोलायला घरात कोणी नाही.

हा सांगाडा बांधून झाला तरी डुगडुगत असतो. इकडून दाबला की तिकडून फुगतो, चौकोनाचे शंकरपाळे होतात. बघणाऱ्यांपैकी कोणीतरी “गाठी सैल आहेत” असा निकाल देतं. गाठींचा दोष नसतो. कागद चिकटायचा असतो. पतंगाचा कागद खळीने ओला झाला की आधी मरगळतो, सुरकुततो, ‘गेला कागद’ असं वाटायला लावतो. तासाभराने वाळता वाळता तो आखडतो, चारी कामट्यांवर ताणून बसतो, टिचकी मारली तर टणटण वाजतो. आता चौकोन हलवून दाखवा! आपण ज्याला सजावट म्हणत होतो, तो कागदच घर सावरून उभा असतो. खळ फार झाली तर मात्र हाच कागद बारीक कामटीला वाकवून ठेवतो. म्हणून खळ पातळ हवी, आणि बोट तिच्याहून हलकं.

खरी पंचाईत रंगांची. दिवसा कागद पसरून सगळे रंग ठरवतात आणि रात्री दिवा लागला की वेगळाच कंदील समोर येतो. जिथे एका कागदावर दुसरा अर्धं बोट चढलेला असतो, तिथे काळसर पट्टा दिसतो. पिवळ्यावर लाल चढला तर नारिंगी तयार होतो, कोणी मागितला नसताना. खळीचा डाग, फाटक्या जागी लावलेलं ठिगळ, आत राहिलेलं दोऱ्याचं शेपूट, सगळं उजेडात. त्यामुळे जाणते लोक जोड नेहमी कामटीवर घेतात. तिथे तशीही सावली असतेच. आणि कागद निवडताना तो टेबलावर ठेवून न बघता दिव्यासमोर धरून बघतात.

आमच्या आत्याला कंदील निळा हवा असायचा. दर दिवाळीला ती निळा सुचवायची आणि दर दिवाळीला हरायची, कारण जुन्या तारेच्या बल्बपुढे निळा कागद मलूल, जवळजवळ काळा दिसायचा. त्या बल्बच्या पिवळट उजेडात निळा मुळातच थोडा. निळ्या कागदाने बाकीचे रंग अडवले की बाहेर यायला उरायचं काय? शिवाय ६० वॉटच्या त्या बल्बमध्ये विजेचा जेमतेम विसावा हिस्सा उजेड व्हायचा, बाकी सगळी ऊब. म्हणून कंदिलाला वर तोंड उघडं ठेवावं लागे आणि बल्ब कागदापासून चांगला लांब, नाहीतर कागद आधी तांबूस व्हायचा आणि मग बातमी. आता ९ वॉटचा पांढरा एलईडी आला. उष्णता नावाला, उजेड तेवढाच, आणि त्यात निळाही भरपूर. आत्याचा कंदील पहिल्यांदा लागला तेव्हा ती काही बोलली नाही. नुसती गॅलरीत खुर्ची टाकून बसली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वर बघायला लावत राहिली.

कागदी दिव्यांना मोठा मान मिळाल्याचंही उदाहरण आहे. इसामू नोगुची हा जपानी-अमेरिकन शिल्पकार १९५१ साली जपानमधल्या गिफूला गेला, तिथले बांबू आणि कागदाचे कंदील बघून हरखला आणि ‘अकारी’ नावाचे दिवे करू लागला. १९८६ च्या व्हेनिस बिएनालेत त्याने ते शिल्पांच्या बरोबरीने मांडले. पण मला त्यांचा हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी. ते दिवे मिटतात! बांबूची सळई वेटोळी फिरवलेली असते, त्यामुळे वरून दाबलं की अख्खा दिवा पापडासारखा चपटा. आपला सहा चौकोनांचा गडी कुठल्याच बाजूने मिटत नाही. तो पोटमाळ्यावर ठेवायचा म्हणजे एक पाहुणा कायमचा राहायला ठेवण्यासारखं.

म्हणूनच कंदील उतरवायचा विषय कोणी काढत नाही. भाऊबीज झाली की “तुळशीचं लग्न होऊ दे” असं ठरतं. ते झालं की त्रिपुरी पौर्णिमा जवळ आलेली असते. मग डिसेंबर उजाडतो. गोव्यात याच दिवसांत बांबू आणि कागदाच्या चांदण्या घरोघरी लागतात, तेव्हा नाताळापर्यंत आपलाही राहिला तर बिघडलं कुठे? एव्हाना झिरमिळ्यांतल्या दोन वाऱ्याने नेलेल्या असतात आणि एका त्रिकोणातून चिमणी आत-बाहेर करत असते. काका म्हणतात, संक्रांतीला पतंगाचा कागद घरात येईलच, तेव्हा तो त्रिकोण दुरुस्त करून टाकू.