शिकेकाईचा पेपर

"काकू, तो पेपर टाकू नका हो! द्या इकडे."

"अगं, आठवडाभर शिकेकाई वाळत होती त्याच्यावर. पिवळाढोण झालाय."

"शेंगांखाली नाही झाला. एकेक शेंग ओळखू येतेय, बघा! ॲना ॲटकिन्सनं असेच फोटो काढले, समुद्री शेवाळ ठेवून."

"ही कोण? तुझ्या कॉलेजातली?"

"इंग्लंडातली, केंटची. १७९९चा जन्म. आई तान्हेपणीच गेली. वडील ब्रिटिश म्युझियममध्ये. शिंपल्यांवरचं फ्रेंच पुस्तक त्यांनी भाषांतरलं, त्याला २५०हून जास्त चित्रं लेकीनं काढून दिली."

"हात होता की मग! फोटो कशाला हवेत?"

"शेवाळाचे तंतू किती बारीक असतात! हुबेहूब काढणं अवघड, म्हणून ही वाट धरली असं तिनंच लिहिलंय. वडिलांचे स्नेही जॉन हर्शेल, त्यांनी १८४२ साली युक्ती काढली. लोहाचे दोन क्षार पाण्यात कालवून कागदाला फासायचे, अंधारात वाळवायचे. वर शेवाळ, त्यावर काच, की उन्हात. मग साध्या पाण्यात खळबळायचं. ऊन लागलं तिथं गडद निळं, शेवाळाखाली पांढरं. इंजिनियरांच्या ब्ल्यूप्रिंट ह्यातल्याच."

"आणि कॅमेरा?"

"लागतच नाही."

"पण त्या इंग्लंडात ऊन कुठलं गं? आमच्या धाकट्याचे कपडे वाळत नाहीत तिथं."

"म्हणून तर कौतुक! प्रत्येक प्रतीचं प्रत्येक पान असं उन्हात काढलेलं. १८४३मध्ये पहिला भाग, पुढं दहा वर्षं चाललं. फोटोंचं पहिलं पुस्तक तेच मानतात. टॅलबट नावाच्या फोटोवाल्याचं पुस्तक गाजलं, पण ते १८४४चं."

"मूलबाळ?"

"नव्हतं. काकू, तुम्ही पण ना! निळा रंग तिनं निवडला नव्हता, लोखंडाचा गुणच तो. पण शेवाळ पाण्यात तरंगतंय असंच वाटतं. खाली लॅटिन नाव, शास्त्राला हवं तेवढं. वर तो पसारा कुठं दाट ठेवायचा, कुठं मोकळा सोडायचा, ते मात्र रांगोळी घालणाऱ्या हातालाच कळतं."

"नाव झालं असेल मग."

"कसलं! पुस्तकात नुसतं 'ए. ए.'. पुढं कुणीतरी अर्थ लावला, 'ॲनॉनिमस ॲमॅच्युअर'. कुणी अनामिक हौशी."

"हौशी? दहा वर्षं उन्हात कागद धरले आणि हौशी?"

"पेपर देताय ना?"

"आता नाही हो देत. शिकेकाई माझी होती."