स्टेटस ठेवू इच्छिणाऱ्या उमेदवारांस सूचना

ज्या सद्गृहस्थास अथवा गृहिणीस व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या व्यक्तिमत्त्वाची रीतसर प्रतिष्ठापना करावयाची असेल, त्यांनी काय दाखवावे या गौण प्रश्नात काळ न दवडता, ते नेमके कोणी पाहावे याचा निर्णय आधी करावा. स्टेटस सर्वांसाठी असते हा नवशिक्यांचा समज होय. मुरलेला माणूस जाणतो, की दिसावयास तो जाहीरनामा असला तरी वस्तुतः तो एकाच इसमाच्या नावे केलेला अर्ज असतो, आणि बाकीची मंडळी केवळ साक्षीदार म्हणून हजर ठेवलेली असतात. हा इसम म्हणजे कॅलिफोर्नियास गेलेला वर्गमित्र असेल, स्थळ जुळता जुळता जेथे फिसकटले त्या घरातले कोणी असेल, किंवा नुकताच ऐसपैस फ्लॅट घेतलेली धाकटी जाऊही असेल.

इसम निश्चित झाल्यावर छायाचित्राची तजवीज करावी. कळसूबाईच्या शिखरावर, म्हणजे १६४६ मीटर उंचीवर, पोहोचल्यास देवळाकडे नव्हे तर दरीकडे तोंड करून पाठमोरे उभे राहावे. लोखंडी शिड्या चढताना मुखावर जी कळा येते तिची वार्ता पाठीला नसते, आणि चिंतनाचा भास आयताच निर्माण होतो. फोटोसाठी मागे ताटकळणारी रांग चौकटीबाहेर ठेवण्यास विसरू नये. गुढीपाडव्यास डोंबिवलीच्या फडके रोडवर जावयाचे असल्यास शिवलेली नऊवारी चालेल, मात्र दाबाची नथ जागा सोडण्यापूर्वी काम उरकावे, आणि पायांत धावण्याचे बूट असल्यास संस्कृतिरक्षण गुडघ्याच्या वरच थांबवावे. एखादा थोर कलावंत निवर्तल्यास श्रद्धांजलीसाठी त्याच्यासमवेत आपण असलेले छायाचित्र निवडावे. त्यात दिवंगताचा खांदा कापला गेला तरी हरकत नाही, परंतु आपला चेहरा सुस्पष्ट असावा.

खरा कारभार येथून पुढे सुरू होतो. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, शेटलंड बेटांवरील एका हॉटेलातली माणसे भटारखान्यात एक आणि भोजनगृहात दुसरे वागतात याचे दाखले देऊन, मनुष्य चारचौघांत नटाप्रमाणे वावरतो असे साधार मांडले. परंतु त्याच्या नटाला प्रेक्षकांची नावनिशीवार हजेरी मिळण्याची सोय नव्हती. ती सोय २०१७ सालच्या फेब्रुवारीत व्हॉट्सअ‍ॅपने छायाचित्रांचे स्टेटस आणले तेव्हा आपणांस लाभली. त्याची मुदत चोवीस तासांची असल्याने ते रात्री जेवणे आटोपण्याच्या सुमारास ठेवावे आणि पाहणाऱ्यांची यादी दर दहा मिनिटांनी तपासावी. दूधवाला, जुना घरमालक, गॅसचे सिलिंडर आणणारा, ज्याच्याकडून एकदाच पलंग घेतला तो फर्निचरवाला, असे सर्व जण अगत्याने येऊन जातील. इष्ट इसमाचे नाव मात्र दिसणार नाही.

अशा वेळी धीर सोडू नये. ज्याने वाचल्याची पोच, म्हणजे ती निळी खूण, बंद ठेवली असेल, त्याने पाहूनही त्याचे नाव यादीत उमटत नाही. तेव्हा निव्वळ गैरहजेरीवरून अनास्था शाबीत होत नाही, या तांत्रिक मुद्द्याचा फायदा दुखावलेल्या मनाने अवश्य घ्यावा. मात्र रागाच्या भरात आपलीही पोच बंद करू नये, कारण तसे करणाऱ्यास आपल्या स्टेटसची यादीही दिसेनाशी होते. गुपचूप पाहणे आणि कोणी पाहिले हे जाणणे, असे दोन्ही हक्क एकाच खातेदारास बहाल केलेले नाहीत, आणि हा निर्बंध ज्याने घातला त्याला मनुष्यस्वभाव चांगलाच ठाऊक असावा, असे माझे नम्र मत आहे.

आजारपणाची रजा काढून अलिबागेस गेलेल्यांनी साहेबांचे नाव वगळण्याची सोय वापरावी, परंतु कचेरीतला जो सहकारी साहेबांबरोबर चहा घेतो त्यालाही वगळावे.

आता राहिला प्रश्न, त्या इसमाने स्वतःच स्टेटस ठेवले तर काय करावे. ते तत्काळ उघडू नये. आपण वाटच पाहत होतो असे दिसते. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे तर मुदत टळण्याचे भय असते. म्हणून ते आईच्या फोनवरून पाहावे. आई सगळ्यांचेच स्टेटस पाहते, त्यामुळे तिचा संशय कोणी घेत नाही.