फुली कुठंय?

सोयाबीनचा आजचा भाव बघायला फोन उघडावा, तर आधी पडदा पडतो. लातूरच्या बाजार समितीकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला हवे असतात फक्त चार आकडे. ते दिसण्याआधी खालून एक पाटी वर येते, ‘नोटिफिकेशन सुरू करा’. ती घालवली की दुसरी, ‘आमचं अ‍ॅप घ्या’. तिच्यामागे तिसरी, कर्जाची. सोयाबीन विकून कर्ज फेडावं म्हणून भाव बघायला आलेल्याला ती नवं कर्ज देऊ करते.

या पॉपअपच्या जनकाने जगाची माफी मागितली आहे, हे फार कुणाला ठाऊक नसतं. ईथन झुकरमन त्याचं नाव. १९९० च्या दशकात तो ट्रायपॉड नावाच्या अमेरिकी कंपनीत होता. एका मोटार कंपनीची जाहिरात भलत्याच चावट पानावर झळकली आणि ती कंपनी बिथरली. मग जाहिरात त्या पानात न ठेवता वेगळ्या खिडकीत उघडायची युक्ती झुकरमनने काढली. २०१४ साली ‘द अटलांटिक’ मासिकात लेख लिहून त्याने क्षमा मागितली. हेतू चांगला होता, म्हणाला. हेतू चांगलाच असतो हो सगळ्यांचा.

मी राहतो नांदेडला, आणि माझा भाचा लातुरात वेबसाइट बनवायची कामं घेतो. त्याच्या गिऱ्हाइकांत एक क्लासवाले सर आहेत. लातूर पॅटर्नच्या गावात क्लास चालवायचा म्हणजे दरवर्षी जूनमध्ये लढाईच. सरांची मागणी साधी होती. पान उघडताच ‘प्रवेश सुरू’ असा अख्ख्या स्क्रीनभर फलक यावा, भोवती गुणवंतांचे फोटो आणि मध्ये फेटा बांधून हात जोडलेले स्वतः सर. फलक बंद करायची फुली एका गुणवंताच्या कानामागे लपवलेली. खाली दोन बटणं : ‘हो, मला डॉक्टर व्हायचंय’ आणि ‘नको, मला नापास व्हायचंय’.

“सर, हे बसत नाही कायद्यात,” भाचा म्हणाला.

त्याचं खरं होतं. ग्राहकाला लाजवून होकार काढायच्या या प्रकाराला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत मनाई केली आहे. अशा एकूण १३ क्लृप्त्यांची यादीच त्यात आहे. गुणवंतांच्या फोटोंचंही तसंच. नोव्हेंबर २०२४ पासून क्लासवाल्यांना जाहिरातीत विद्यार्थ्याचा फोटो वापरायचा, तर निकालानंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागते. सर म्हणाले, “पोरं आपलीच आहेत की.”

पडदा लागला. पुढे क्लासचं नाव गूगलच्या शोधात खाली खाली जायला लागलं आणि सरांचा फोन आला. “अरे, शेजारचा क्लास वर दिसतोय, आपला कुठं गेला?”

“सर, तुमचाच फोटो आडवा यायलाय,” भाच्याने सांगितलं. यानंतर काही काळ दोघांचं बोलणं बंद होतं, म्हणून पुढचा खुलासा मला ऐकावा लागला.

गूगलने ऑगस्ट २०१६ मध्ये जाहीर केलं आणि १० जानेवारी २०१७ पासून लागू केलं ते असं : शोधातून मोबाइलवर पान उघडणाऱ्याला मजकुराऐवजी आधी पडदाच दिसत असेल, तर ते पान क्रमवारीत खाली जाऊ शकतं. स्वतः गूगलचेही हात त्याआधी पोळले होते. गूगल प्लसच्या मोबाइल पानावर ‘अ‍ॅप घ्या’ असा पडदा लावून त्यांनी हिशेब मांडला, तेव्हा ९ टक्के भेटींत ते बटण दाबलं गेलं आणि ६९ टक्के भेटींत लोक पानच सोडून निघून गेले. २०१५ साली त्यांनी तो पडदा काढला.

“पण मामा, पडद्यानंच खाली गेलं असं मी छातीठोक नाही म्हणत,” भाचा म्हणतो. प्रामाणिक पोरगा आहे, म्हणून धंद्यात मागे आहे. गूगल शेकडो गोष्टी बघतं, पडदा त्यातली एक. मजकूर खरोखर उत्तम असेल तर पडदा असूनही पान वर राहू शकतं, असं गूगलनेच सांगितलंय. सरांच्या पानावर मजकूर म्हणजे सरांचाच दुसरा फोटो होता.

सगळेच पडदे वाईट नसतात. कुकीची कायदेशीर सूचना, वयाची खात्री, लॉगिनची चौकट यांना माफी आहे. थोडी जागा घेणारी, सहज मिटणारी पट्टीही चालते. वाचणाऱ्याने आपणहून ‘फी किती?’ हे बटण दाबलं आणि मग चौकट उघडली, तर तक्रार कुणाची? पट्टी मात्र वरून अचानक घुसून मजकूर खाली ढकलणारी नको. त्या हिसक्याचंही माप गूगल ठेवतं आणि ते ०.१ च्या आत असलं तर चांगलं मानतं. वाचक ‘फी’वर बोट ठेवतो आणि दाबलं जातं ‘देणगी’, असं घडतं ते त्या हिसक्यानेच.

शेवटी सरांची समजूत मी काढली, गंजगोलाईत नेऊन. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात तिथला कापडवाला गिऱ्हाइकाला दारात अडवून मोबाइल नंबर विचारत नाही. आधी बसा म्हणतो, पाणी देतो, वीस साड्या उलगडतो. नंबर मागतो बिल करताना, आणि तेव्हा आपण तो मुकाट्याने देतो. सर बराच वेळ त्या दुकानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पट्टी ठेवू. पण फेटा दिसला पाहिजे.”

आता क्लासच्या पानावर तळाशी बोटभर पट्टी आहे. फेटा दिसतो, सर दिसत नाहीत.

ज्यांच्या ज्यांच्या हातात वेबसाइट आहे त्या सर्वांना आमच्या वयाच्या लोकांतर्फे एक विनंती. पॉपअप लावायचाच असेल तर खुशाल लावा, पण फुली मोठी ठेवा. बोटाने दाबायच्या बटणाला साधारण ४८ पिक्सेल जागा द्या असं गूगलही सुचवतं. आमची बोटं जाड असतात, चष्मा दुसऱ्या खोलीत असतो, आणि भाव बघून झाल्याशिवाय आम्हाला डॉक्टर व्हायचं नसतं.