मस्तानीला काही काम द्या!

ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ परवा पुन्हा वाचली आणि चिडलो. 1972 पासून मराठी वाचक ज्या कादंबरीवर जीव टाकतो आहे, तिच्यात मस्तानीच्या वाट्याला रूप, गाणं आणि वाट पाहणं यापलीकडे फारसं काही येत नाही. प्रेमकथा म्हणून डोळे पाणावतात, हे कबूल. पण पुस्तक मिटल्यावर ती बाई कोण होती, हे सांगता येत नाही.

दिल्लीत मुनिरका गावातल्या आमच्या गल्लीत स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मराठी मुलं राहतात. ही प्रत त्यांच्याच खोल्यांतून फिरत माझ्याकडे आली. देताना सोलापूरची एक मुलगी म्हणाली, “काका, यातली मोहीम म्हणजे नुसती विरहाची सोय आहे.” ती इतिहासाची विद्यार्थिनी आहे आणि तिने नेमकं दुखणं पकडलंय.

मुनिरकाहून मेट्रोची मॅजेंटा लाइन धरली, की गाडी न बदलता कालकाजी मंदिर येतं. 1737 च्या रामनवमीच्या सुमाराला तिथे कालिकेची जत्रा भरली होती. वाटेतल्या मोगल फौजांना चकवून ‘राऊ’चे नायक बाजीराव पेशवे थेट तिथे येऊन धडकले. पुढच्या चकमकीत, तालकटोऱ्याच्या बाजूला, मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंद्यांनी बादशाही फौजेला मागे रेटलं. (त्याच तालकटोऱ्याच्या स्टेडियममध्ये फेब्रुवारी 2025 मध्ये 98 वं मराठी साहित्य संमेलन झालं.) या स्वारीचं बाजीरावांनी चिमाजीअप्पांना लिहिलेलं लांबलचक पत्र छापलेलं आहे, कुणालाही वाचता येतं. शहराचे पुरे जाळायचे या इराद्याने हा माणूस आला होता. दारात पोचल्यावर त्याने हिशेब मांडला, की जाळून हाती काय लागणार, बादशहाशी बोलणं तेवढं बिघडेल. आणि हात आवरला. असा थंड डोक्याचा, क्षणात बेत फिरवणारा पुरुष प्रेमात पडला तर कसा पडेल? ही कादंबरी मला वाचायची होती. ‘राऊ’मधला नायक मात्र उसासे टाकत राहतो.

मस्तानीबद्दल दप्तरात फार थोडं सापडतं, हे मला माहीत आहे. 1730 मध्ये, नानासाहेबांच्या लग्नाच्या सुमाराला तिचं नाव दिसू लागतं. तिला पाबळ गाव इनाम मिळतं. 1734 मध्ये तिला मुलगा होतो. 1740 च्या सुरुवातीला घरचेच तिला पुण्यात कैदेत टाकतात. एप्रिलच्या अखेरीस नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव जातात, पाठोपाठ तीही जाते. तिची कबर पाबळलाच आहे. कागद थोडे असतात तिथेच तर कादंबरीकाराचं काम सुरू होतं! परक्या शहरात, भोवती सोवळं पाळणारं कुटुंब, हाताशी इनामाचा वसूल, पदरात पोर. अशी बाई दिवसभर काय करत असेल? कुणावर विश्वास टाकत असेल? रोज कशाची भीती घेऊन उठत असेल?

माझा राग जास्त आहे, कारण इनामदारांना हे जमत होतं. ‘झेप’मध्ये त्यांनी बदनाम त्रिंबकजी डेंगळ्याला माणूस म्हणून उभं केलं. ‘मंत्रावेगळा’मध्ये दुसऱ्या बाजीरावाची बाजू मांडली, तीही अख्ख्या महाराष्ट्राचा रोष अंगावर घेऊन. बदनाम पुरुषांना इतका न्याय देणाऱ्या लेखकाने बदनाम बाईला नुसतं देखणेपण द्यावं?

सिनेमाने 2015 मध्ये पुढची मजल मारली आणि काशीबाई-मस्तानीला एकत्र नाचवलं. त्यावर भांडून झालं, मी पुन्हा भांडत नाही. पण काशीबाईंची खरी गोष्ट त्या नाचाहून कितीतरी मोठी आहे. चासच्या जोशी सावकारांची ही लेक. नवरा गेला, सवत गेली, मागे सहा वर्षांचा समशेर बहादूर उरला. त्याला काशीबाईंनी सांभाळलं, पेशव्यांच्या घरात वाढवलं. ज्या घराने त्याच्या आईला कोंडलं, त्याच घरासाठी तो 1761 मध्ये पानिपतावर लढला आणि त्या लढाईच्या जखमांनी गेला. त्याच्या वंशजांनी बुंदेलखंडात बांद्याची नवाबी केली आणि तिथलाच नवाब अली बहादूर 1857 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला.

सवतीच्या पोराला पहिल्यांदा जेवायला वाढताना काशीबाईंच्या मनात काय आलं असेल, त्या ताटापासून मला कादंबरी सुरू झालेली हवी आहे. त्या सोलापूरच्या मुलीला हे सांगितलं, तर म्हणाली, “मग समशेरने आईबद्दल कुणाला विचारलं असेल, तेही त्यात हवं.” लिहिणाऱ्याने हा प्रश्न जरूर घ्यावा.