रस्सा डब्यात, आम्ही घरात

आमच्या नंदनवन ले-आउटमध्ये बातमी आधी कंपाउंडच्या भिंतीवरून येते, मग व्हॉट्सॲपवर. पलीकडच्या वहिनी कोकणातून रात्री उशिरा परतल्या आणि सकाळी ओले टॉवेल वाळत टाकायच्या निमित्तानं भिंतीशी हजर झाल्या. मला वाटलं, समुद्राचं सांगतील.

“समुद्र मस्त आहे जी. किल्लाही मस्त. होडीनं जावं लागते.” झालं. महाराजांनी 1664 साली ज्याचा पाया घातला, तो सिंधुदुर्ग वहिनींनी एका दमात उरकला. “आता जेवणाचं ऐका.”

जेवणाची सुरुवात गाडीतच झाली होती. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला उघडला, तेव्हा त्या रस्त्यावर धड चहाची टपरीही सापडत नव्हती. डबा बांधून निघायची सवय नागपूरकरांना तेव्हा लागली ती लागलीच. 5 जून 2025 पासून थेट मुंबईकडचा पूर्ण 701 किलोमीटरचा रस्ता खुला आहे, पण वहिनी अजून निघायच्या आदल्या रात्री तिखटमिठाच्या पुऱ्या तळतात. “गाडी 120 नं पळून राहिली आणि मी मागं बसून पुऱ्या अन् लोणचं वाटून राहिली. पोरगं म्हणते, आई, विमानातल्यासारखं वाटते.”

मुंबईत भाच्याकडे मुक्काम होता. दादरला मामा काण्यांकडे वडा खाल्ला, ते दुकान 1910 पासूनचं. मग आस्वादला मिसळ. त्या मिसळीला 2015 मध्ये लंडनला बक्षीस मिळालं, हे भाऊजींनी, म्हणजे वहिनींच्या मिस्टरांनी, बाहेर उभ्या उभ्या फोनवर वाचून दाखवलं आणि लगेच पुस्ती जोडली की आमच्या केडीके कॉलेजसमोरचे तर्री-पोहे कोणी लंडनला नेले नाहीत म्हणून, नाहीतर बक्षीस कोणाला मिळालं असतं ते सांगायला नको. भाऊजी कुठेही गेले तरी सोबत पूर्व नागपूर घेऊनच जातात.

तेवढ्यात समोरच्या काकू दुधाची पिशवी घेऊन आल्या. काकू सत्तरी ओलांडलेल्या, पण भिंतीशी दोन डोकी दिसली की तिसरं त्यांचं. “कुठवर आलं?” त्यांनी विचारलं.

“मालवणात,” मी म्हटलं.

मालवणात मात्र वहिनी रमल्या. कोण्या मोठ्या हॉटेलात नाही, एका बाईच्या घरगुती खानावळीत. पडवीत टेबलं टाकलेली, आत चूल आणि गॅस दोन्ही, गल्ल्यावर ती बाईच, वाढायला तिची सून. “मला म्हणते, ‘खंयसून इलास?’ मी म्हटलं, नागपूर. तं म्हणते, एवढ्या लांबून मासे खायला? मी म्हटलं, आमच्याकडे तळ्यातली रोहू मिळते बाई, हे नाही मिळत.”

ताटात सुरमईचा तळलेला तुकडा, बांगड्याचं तिखलं, सुक्या जवळ्याची कोशिंबीर, भात आणि वाटीभर सोलकढी. तिखल्यात हिरवं तिरफळ होतं. वहिनींनी ते वेलदोडा समजून चावलं. “जीभ अशी झणझणली बाप्पा, की बोलताच येईना! आमच्या ह्यांना लय आनंद झाला.” ती बाई मग हसत आली, तिरफळ चावायचं नसतं, त्याचा वास तेवढा माशाला लागू द्यायचा असतो, हे तिनं समजावलं आणि सोलकढी पुन्हा वाढली. तिचे पैसे लावले नाहीत.

भाऊजींना मात्र घाम आला नव्हता. घाम आल्याशिवाय त्यांना जेवल्यासारखं वाटत नाही. त्यांनी खिशातून डबी काढली. डबीत भिवापुरी तिखट. भिवापूर आमच्या उमरेड रोडनंच पुढे आहे, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि भाऊजी ते मानांकन आपल्यालाच मिळाल्यासारखे वागतात. त्यांनी बांगड्यावर तिखट भुरभुरवलं. वहिनींना भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“ती बाई चिडली का?” काकू.

“छे हो! तिनं बोटावर घेऊन चाटलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि डबीच ठेवून घेतली. म्हणे, माझ्या जावयाला देते.”

वहिनी मग तिच्या स्वयंपाकघरात गेल्या. वाटण कसं करते, नारळ किती, कोकमं किती वेळ भिजवते, सगळं पाहून आल्या. मेअखेर होती, 1 जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होणार, म्हणून तिची सुक्या मासळीची बेगमी चालली होती. माडाच्या सावलीत वहिनी तिच्यासोबत बांगडे उलटवत बसल्या. हे सांगताना त्यांचा चेहरा असा, की किल्ल्यावर घेतलेल्या फोटोत तसा नाही.

पुढचा मुक्काम किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये होता. नाव वहिनींनी सांगितलं, मी लिहीत नाही. तिथं पनीर खाल्लं (समुद्राकाठी पनीर, पण पोरं ऐकत नाहीत), आणि बिलात खाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज. वहिनी पतसंस्थेत अकाउंट पाहतात. त्यांनी मॅनेजरला बोलावलं. 4 जुलै 2022 ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलं आहे की हा आकार बिलात आपोआप लावता येत नाही, देणं न देणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. हॉटेलवाले त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तिथं मार्च 2025 मध्ये न्यायालयानं प्राधिकरणाचंच म्हणणं उचलून धरलं. वहिनींनी हे सगळं उभ्यानं ऐकवलं. मॅनेजरनं चार्ज काढला.

“आणि पाण्याची बाटली? छापील किमतीपेक्षा जास्त लावली असेल ना?” काकूंनी विचारलं.

“लावली. त्यात काही करता येत नाही काकू. सुप्रीम कोर्टानं 2017 मध्येच हॉटेलवाल्यांच्या बाजूनं निकाल दिला. दुकानात छापील किंमत, हॉटेलात टेबल-खुर्चीसकट.”

“आणि जीएसटी?”

“पाच टक्के. खोलीचं भाडं साडेसात हजाराच्या वर असलेलं हॉटेल असलं तर अठरा. आमचं तेवढं नव्हतं बाप्पा.”

माझ्या मते बाहेरगावी जेवणाची निम्मी चव या बिलातच जाते. माणूस पहिला घास घ्यायच्या आधी मेनूच्या उजव्या बाजूनं वाचत असतो, आणि शेवटचा घास घशाखाली उतरायच्या आत बेरीज करून मोकळा होतो. आपल्या गल्लीत तसं नसतं. पोरगा तोंडानंच हिशोब सांगतो, सुट्टे नसले तर उद्या द्या म्हणतो.

हे मी बोलायला आणि वहिनींना आठवायला एकच गाठ पडली. “अहो, ते तं राहिलंच. काल रात्री घरी पोचलो, बॅगा अजून डिकीत. मी म्हटलं, खिचडी टाकते. तं हे म्हणाले, थांब. स्टीलचा डबा घेतला आणि चालले सावजीकडे. दिवसभर गाडी चालवून! मटण, वरून वाटीभर तर्री, ज्वारीच्या भाकरी. पहिल्या घासाला नाक पुसलं आणि म्हणाले, आता सुट्टी झाली.”

आम्ही हसलो. काकू हसल्या नाहीत. त्यांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “एक सांग मला. मालवणात अनोळखी बाईच्या बाकड्यावर बसून तू बोटं चाटली. तिच्या चुलीपर्यंत जाऊन आली. ह्या आपल्या गल्लीच्या टोकाच्या सावजीत कधी बसून जेवली?”

वहिनी माझ्याकडे पाहू लागल्या. मी भिंतीलगतच्या कढीपत्त्याच्या झाडाकडे.

लग्न होऊन मी नंदनवनात आले तेव्हापासून त्या खानावळीचा रस्सा खाते आहे. खूर, कलेजी, खिम्याच्या गोळ्या, संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी मटण आणि एरवी डाळकांदा, पाटोडीचा रस्सा. कोणत्या दिवशी आतड्यांची सुंदरी मिळते हे मला तोंडपाठ. पण मालकाचा चेहरा? रस्त्यावरून जाताना दिसतो तेवढाच. आत भिंतीला कोणता रंग आहे, मला विचारू नका.

“तिथं माणसं असतात जी,” वहिनी म्हणाल्या. “संध्याकाळी तं कोणी घेऊनही आलेले असतात.”

“घेऊनच येतात,” काकू म्हणाल्या. “म्हणून आपण डब्यातून खायचं.”

हे नागपुरात सगळ्यांनाच ठाऊक आहे, म्हणून कोणी बोलत नाही. सावजी हे मुळात हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण. इतवारी, महाल, गोळीबार चौक या बाजूला त्यांची वस्ती, घरोघरी माग. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली, गिरण्या आल्या, पुढे हातमाग मागे पडला, आणि मागावरून उठलेल्या घरांपैकी काहींनी बाहेरच्या खोलीत बाकडी टाकून जेवण विकायला सुरुवात केली. खसखस, सुकं खोबरं, दगडफूल भाजून पाट्यावर वाटायचं, जवसाच्या तेलात परतायचं, हे सगळं घरातल्या बायकांच्या हातचं. त्या आत वाटत राहिल्या आणि बाहेर बाकड्यांवर पुरुष जेवत राहिले. पुढे खानावळी मोठ्या झाल्या, बोर्डावर ‘फॅमिली’साठी वेगळी खोली आहे असं लिहिलं गेलं, पडदे लागले. पडद्यामागे बसून तिखट खायचं, आणि शिंक आली तरी दाबायची! त्यापेक्षा डबा बरा, असं आमच्या सासूबाईंचं मत. त्यांच्याही सासूबाईंचं तेच असणार.

बायकांचं ‘बाहेर खाणं’ म्हणजे सीताबर्डीवर खरेदी झाल्यावर डोसा किंवा चाट, नाहीतर दिनशॉचं आइस्क्रीम. दिनशॉ 1932 पासूनचं, तिथं पोरासोरांना घेऊन जायला कोणाची हरकत नव्हती. हल्दीराममध्ये तर लग्नं ठरतात. गोड खाल्लं की बाई घरंदाज राहते, तिखट खाल्लं की काय होते देव जाणे.

“मी जात होती,” काकू एकदम म्हणाल्या.

“सावजीत?”

“कॉफी हाउसात. एलएडी कॉलेजला होती मी. दोघी मैत्रिणी तास बुडवून इंडियन कॉफी हाउसात जायचो. तुरेवाला वेटर. एक कॉफी, दोघींत एक कटलेट. आजूबाजूला सगळे वकील आणि पुढारी. पहिल्यांदा सगळे वळून पाहत. दुसऱ्यांदा निम्मे. मग कोणी पाहीना.” मालकाचा धाकही नव्हता, कारण मालक नव्हताच. कॉफी बोर्डानं कामावरून काढलेल्या कामगारांनी 1957 नंतर सहकारी संस्था काढून ती कॉफी हाउसं चालवायला घेतली होती. धरमपेठेतला चौक तर अजून कॉफी हाउस चौकच म्हणवतो. “मग लग्न झालं आणि मी इकडे आली, नंदनवनात. तेव्हा इथं रात्री कोल्हे ओरडत.”

वहिनींनी टॉवेल झटकला. “चला मग.”

“कुठं?”

“सावजीत. आपण तिघी. बसून. काकूंनी सुरुवात करायची.”

मी लगेच अडचणी काढल्या, तो माझा स्वभाव. पुढे श्रावण लागतो, मग महिनाभर कोणाच्याच घरात मटण नाही. काकूंना दाताचा त्रास. भाऊजी काय म्हणतील? वहिनी म्हणाल्या, ह्यांना मी त्या दिवशी पाटोडी करून ठेवीन, झाकून. काकू म्हणाल्या, दातांचं मी पाहते, खुराचा रस्सा प्यायचाच असतो, चावायचा नसतो. आणि रात्री नको, दुपारी जाऊ. दुपारी कोणी घेऊन येत नाही.

बिल कोण देणार यावर मात्र वाद झाला. काकू म्हणाल्या मी मोठी. वहिनी म्हणाल्या रिसॉर्टमध्ये सर्व्हिस चार्जचे वाचवले तेच पैसे आहेत, मी देते. शेवटी खूर काकूंचे, मटण वहिनींचं आणि भाकरी माझ्या, असं ठरलं. पोळीपेक्षा भाकरीच घ्यायची, हेही.

नंबर माझ्याच फोनमध्ये होता, ‘सावजी पार्सल’ या नावानं. मी लावला, स्पीकरवर टाकला.

“हां ताई, बोला. एक मटण, चार भाकरी, तर्री वेगळी ना? डबा घेऊन पाठवा भाऊंना.”

“डबा नाही. आम्ही तिघी येऊन राहिलो. गुरुवारी दुपारी. बसून जेवायला.”

पलीकडे कढईचा आवाज तेवढा आला. मग त्यानं आत कोणाला तरी हाक मारली, आणि फोनवर एका बाईचा आवाज आला.

“गुरुवारी सुंदरी नसते ताई. बुधवारी या. आणि साडेबाराच्या आत या, मग मी पण बसते तुमच्यासोबत.”