मागच्या टूरवाले

युरोपातील मार्गदर्शित बससहली, म्हणजे ज्यांत विमानतळापासून विमानतळापर्यंतची सारी व्यवस्था टूर मॅनेजर नावाच्या एका तरुणाच्या गळ्यात असते अशा सहली, ज्यांनी केल्या आहेत त्यांना हे ठाऊक असेल की प्रत्येक तुकडीत एक गृहस्थ असे असतात की ज्यांचे दर तिसरे वाक्य ‘मागच्या टूरला’ या शब्दांनी सुरू होते. प्रस्तुत लेखात त्यांना ‘मागच्या टूरवाले’ असे संबोधले असून हे अनेकवचन आदरार्थी आहे, कारण एकवचनी उल्लेखाला आपण पात्र नाही असे त्यांचे स्वतःचेही मत असते. वयाने ते साठी ओलांडलेले, बँक, वीज मंडळ किंवा जिल्हा परिषद यांपैकी कोठून तरी निवृत्त झालेले आणि आपल्या गृहनिर्माण संस्थेचे आजी अथवा माजी सेक्रेटरी असतात. यांतील शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची होय. चाळीसेक माणसे, एक सामायिक वाहन, छापील नियमावली आणि आगाऊ भरलेले पैसे एवढे एकत्र दिसले की त्यांना तेथे संस्था दिसू लागते, आणि संस्था दिसली की तिचा कारभार कोणी न सांगता अंगावर घेणे त्यांना कर्तव्य वाटते. म्हणून ते आल्प्स पाहायला जातात असे म्हणणे पुरेसे नाही. आल्प्सचा कारभार ठीक चालला आहे ना, हे ते पाहायला जातात.

मार्गदर्शित सहलीची प्रथा जुनी आहे. टॉमस कुक या दारूबंदीच्या इंग्रज प्रचारकाने ५ जुलै १८४१ रोजी माणशी एक शिलिंग घेऊन सुमारे पाचशे लोकांना आगगाडीने लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या मेळाव्यासाठी नेले, तेथून तिचा आरंभ मानतात. पुढे १८६३ मध्ये त्याने स्वित्झर्लंडला पहिली तुकडी नेली आणि त्या तुकडीतील जेमायमा मॉरेल या तरुणीची दैनंदिनी शंभर वर्षांनी प्रसिद्ध झाली. पहाटे उठवून घाईघाईने बाहेर काढल्या जाणाऱ्या पर्यटकांची लगबग तीत दिसते. मराठी सहलींत हीच लगबग ‘सहा-सात-आठ’ या सूत्रात बांधलेली असते, म्हणजे सहाला उठवणारा फोन, सातला नाश्ता, आठला बस. मागच्या टूरवाले मात्र पावणेआठलाच बसच्या दाराशी मनगटावरील घड्याळ न्याहाळत उभे असतात आणि आठ वाजून दोन मिनिटांनी येणाऱ्या नवविवाहित जोडप्याकडे असे काही पाहतात की त्या दोघांना आपला विवाहच नियमबाह्य वाटू लागावा. प्रसंगतः सांगायचे तर भोर घाटातून आगगाडी सुरू झाली तेही १८६३ सालीच. इंग्रज पर्यटक जथ्याने आल्प्सकडे निघाला त्याच वर्षी मराठी माणसाला खंडाळ्याचा घाट खिडकीतून पाहण्याची सोय झाली, आणि पुढच्या सर्व परदेशी डोंगरांना मोजायची पट्टी त्याला घरबसल्या मिळाली.

‘मागची टूर’ या संकल्पनेचे स्वरूप येथे तपासणे आवश्यक आहे. मागच्या टूरला हॉटेलची लिफ्ट मोठी होती, पोळ्या मऊ होत्या, सहप्रवासी सुसंस्कृत होते आणि पाऊस पडलाच तर तो रात्री पडत असे. मात्र मागच्या टूरचे हे सुवर्णयुगीन रूप ती चालू असताना कोणीही पाहिलेले नसते, कारण त्या टूरवर मागच्या टूरवाले तिच्याही मागच्या टूरची महती सांगत होते, अशी काकूंची, म्हणजे त्यांच्या सहधर्मचारिणीची, निःसंदिग्ध साक्ष आहे. ही साखळी मागे मागे नेल्यास सिंगापूर, काश्मीर, उटी असे करीत अखेर माथेरान लागते, जेथे लग्नानंतर ते दोघे नेरळहून छोट्या गाडीने गेले होते आणि जेथे तुलनेला आधीचे काहीच उपलब्ध नसल्यामुळे समोरचा देखावा पाहण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते.

बसमधील आसनांचा प्रश्न हा या व्यक्तीच्या कर्तृत्वाचा मुख्य प्रांत. पुढच्या काचेजवळच्या आसनावरून समोरचे सर्व दिसते आणि सर्वांत मागे बसणाऱ्याला पुढच्यांची डोकी दिसतात, म्हणून बहुतेक सहलींत ‘सीट रोटेशन’ असते. म्हणजे रोज प्रत्येकाने काही रांगा सरकायचे, जेणेकरून सुखदुःखाची वाटणी सारखी व्हावी. पहिल्या दिवशी मागच्या टूरवाल्यांचा या पद्धतीला तात्त्विक विरोध असतो आणि त्याच्या पुष्ट्यर्थ त्यांच्याजवळ मणक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी असते. दुसऱ्या दिवशी विरोध निष्फळ ठरल्यावर ते पद्धतीचे कट्टर समर्थक होतात, वहीत चौकटी आखून सर्वांची नावे भरतात आणि तिसऱ्या दिवसापासून टूर मॅनेजरही ‘काका, आज आठव्या रांगेत कोण?’ असे त्यांनाच विचारू लागतो. ज्या कारभारासाठी त्या तरुणाला पगार मिळतो तो कारभार पैसे भरून करण्याचा हा प्रकार अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्रचलित सिद्धान्तात बसणारा नाही, पण गृहनिर्माण संस्थांच्या अभ्यासकांना त्याचे आश्चर्य वाटणार नाही. नियतीचा भाग असा की स्वतःच आखलेल्या तक्त्यानुसार त्यांच्या वाट्याला पहिली रांग येते तो दिवस नेमका गोट्टहार्डच्या बोगद्याचा निघतो. १९८० मध्ये खुला झालेला हा रस्त्याचा बोगदा जवळजवळ सतरा किलोमीटर लांब आहे आणि त्यात पुढच्या काचेतून जे दिसते ते मागच्या खिडकीतूनही तितकेच दिसते. बोगद्यात गेलेला वेळ हिशेबात धरू नये, असा ठराव ते बोगदा संपण्यापूर्वीच मांडतात. अनुमोदन मात्र काकूसुद्धा देत नाहीत, कारण त्यांना त्या वेळी छान झोप लागलेली असते.

बसचालकाशी त्यांचे संबंध हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे चालकाने साडेचार तास गाडी हाकल्यावर एकूण पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती घेतलीच पाहिजे, आणि दिवसाकाठी त्याने नऊ तासांहून अधिक काळ, आठवड्यातून दोनदा चालणारा दहा तासांचा अपवाद सोडल्यास, चाक हाती धरता कामा नये. गाडी केव्हा चालली व केव्हा थांबली याची मिनिटवार नोंद टॅकोग्राफ नावाचे यंत्र ठेवते आणि ती नोंद पोलीस कोठेही तपासू शकतात. एस.टी.च्या रात्रगाडीने आयुष्य काढलेल्या, टपरीवर दोन घोट चहा घेऊन घाट उतरणारे चालक पाहिलेल्या आणि त्यांच्या कौशल्याबद्दल रास्त अभिमान बाळगणाऱ्या माणसाला हे यंत्र पटत नाही. शहर वीस किलोमीटरवर आले असता पोलंडचा किंवा पोर्तुगालचा तो धिप्पाड चालक महामार्गावरील थांब्यावर बस उभी करून सावकाश सँडविच सोडतो, तेव्हा मागच्या टूरवाले त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारतात, घड्याळावर बोट ठेवतात, आणि त्याने हसून चार बोटे व मग पाच बोटे दाखवली की परत येऊन ‘हा माणूस युनियनचा दिसतो’ असा निष्कर्ष जाहीर करतात. या पंचेचाळीस मिनिटांत इतर प्रवासी स्वच्छतागृहाच्या फिरत्या दाराशी नाणी शोधत असतात. नाणे टाकल्यावर तेथे अनेकदा दुकानात चालणारे एक कुपन हाती येते, आणि लोकांनी टाकून दिलेली अशी कुपने मागच्या टूरवाले गोळा करून वहीच्या कप्प्यात ठेवतात. ती चालतात तो देश बसने दुपारीच मागे टाकलेला असतो, हा भाग वेगळा. तरीही नोंदवले पाहिजे की पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत चालकाच्या डॅशबोर्डवर बाकरवडीची पुडी दिसू लागते आणि ती तेथे कोणी ठेवली याविषयी बसमध्ये दुमत नसते.

स्वित्झर्लंडमधील निसर्गरम्य रेल्वेप्रवासात या स्वभावाची खरी कसोटी लागते. त्सेरमाट ते सेंट मॉरित्झ धावणारी ग्लेशियर एक्सप्रेस २९१ पूल आणि ९१ बोगदे ओलांडत, २,०३३ मीटर उंचीच्या ओबरआल्प खिंडीतून, सुमारे आठ तासांत मुक्कामाला पोचते, आणि जगातील सर्वांत सावकाश जाणारी एक्सप्रेस अशी तिची जाहिरात अभिमानाने केली जाते. मागच्या टूरवाल्यांच्या मनात येथे मूलभूत शंका उपस्थित होते: उशिरा पोचण्याचे जास्त पैसे का? डेक्कन क्वीन मुंबई-पुणे हे १९२ किलोमीटरचे अंतर तीन-सव्वातीन तासांत कापते, वाटेत घाट आहे, बोगदे आहेत, पावसाळ्यात धबधबे आहेत आणि डब्यात ऑम्लेट येते. मग अधिक काय आहे? योगायोग असा की डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली आणि ग्लेशियर एक्सप्रेस त्याच महिन्याच्या २५ तारखेला. ही माहिती टूर मॅनेजरने ध्वनिक्षेपकावरून सांगितल्याक्षणी मागच्या टूरवाले मान डोलावतात, कारण चोवीस दिवसांचे ज्येष्ठत्व हे सेवानियमांत निर्णायक असते.

या मार्गावर चढ तीव्र आहेत तेथे दोन रुळांच्या मधोमध दाते असलेला तिसरा रूळ आहे व इंजिनाचे दातेरी चाक त्यात अडकून गाडी वर चढते. ही रचना रोमान आब्ट या स्विस अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे मेट्टुपालयम ते कुन्नूर या निलगिरीच्या चढावर तीच आहे आणि तेथली जुनी वाफेची इंजिने स्वित्झर्लंडमधील विंटरटूरच्या कारखान्यातून आलेली होती. उटीची सहल झालेली असल्यामुळे हे सर्व मागच्या टूरवाल्यांना दातांसह ठाऊक असते, आणि समोर बसलेल्या वृद्ध स्विस दांपत्याला त्यांच्याच देशाची ही थोरवी ते हातवारे करून समजावून देतात, नंतर चिवडा देतात, आणि त्या बाईंनी कढीपत्त्याचे पान बाजूला काढून ठेवले की ते खाण्याचे असते की नसते यावर मराठीतच, परंतु मोठ्या आवाजात, विवेचन करतात. फिलिसूरजवळचा लांडवासर पूल पासष्ट मीटर उंच असून वळत वळत थेट कड्यातील बोगद्याच्या तोंडात शिरतो. सारा डबा ज्या क्षणासाठी छतापर्यंत गेलेल्या काचांना भिडलेला असतो, त्या क्षणी मागच्या टूरवाले संपूर्ण पूल व्हिडिओत उतरवत असतात. पुढे पाहू जाता त्यात पूल कमी आणि काचेत पडलेले त्यांचे स्वतःचे प्रतिबिंब अधिक आढळते. काकूंनी मात्र पूल पाहिलेला असतो.

युंगफ्राउयोख या आल्प्समधील बर्फाळ खिंडीविषयी थोडक्यात सांगता येईल. १ ऑगस्ट १९१२ रोजी तेथपर्यंत पोचलेली रेल्वे सोळा वर्षे खपून बांधली गेली, सात किलोमीटरहून अधिक अंतर डोंगराच्या पोटातून जाते आणि ३,४५४ मीटर उंचीवरील स्थानकावर प्रवाशाला सोडते. हवेचा दाब तेथे समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाच्या आसपास असल्याने हळू चालावे, अशी सूचना दिलेली असते. मागच्या टूरवाले ती सूचना सर्वांना पुन्हा एकदा, जिना भराभर चढता चढता, देतात आणि वर पोचून बाकावर बसतात. पुढची वीस मिनिटे ते काहीही बोलत नाहीत. सहलीच्या इतिहासातील हा एवढाच काळ असा की ज्यात तुकडीला टूर मॅनेजरचे बोलणे अखंड ऐकता येते, आणि काही चिकित्सकांच्या मते त्या स्थळाच्या लोकप्रियतेचे ते एक कारण असावे. काकू तोवर हातमोजे काढून बर्फाचा गोळा करतात, तो फेकावा कोणावर हे ठरेपर्यंत हातातच धरतात आणि शेवटी निवडीला फारसा वाव नसल्याचे ओळखून योग्य त्या ठिकाणी फेकतात.

सहलीच्या अखेरच्या रात्री जेवणानंतर अभिप्रायाचे छापील फॉर्म वाटले जातात. इतर प्रवासी उभ्याउभ्याच ‘उत्तम’वर खुणा करून बॅगा भरायला जातात, मागच्या टूरवाले चष्मा पुसतात, टेबलाचा कोपरा मोकळा करून घेतात आणि पुरवणी मागतात. त्यांच्या सूचनांना क्रमांक असतात. तिसऱ्या दिवशी लोणचे संपले होते. बोगद्याच्या दिवशी पहिली रांग धरू नये. उशिरा येणाऱ्यांस दंड असावा व त्यातून सर्वांना आइस्क्रीम द्यावे. टूर मॅनेजर मुलगा गुणी आहे, त्याला झोप मिळत नाही, त्याकडे लक्ष द्यावे. शेवटच्या कलमात पुढील वर्षीच्या स्कँडिनेव्हियाच्या सहलीसाठी लवकर नोंदणीची सवलत गृहीत धरून दोन जागा राखून ठेवण्याची विनंती असते, आणि तिच्या खाली, शाई बदलून, अशी पुस्ती जोडलेली असते की शक्यतो बसचा चालक हाच द्यावा, माणूस भला आहे व गाडी बेताने हाकतो. त्याच्या पंचेचाळीस मिनिटांबाबत मात्र कंपनीने युरोपीय संघाशी एकदा बोलून घ्यावे.