क्वीनचं शेंडेफळ

वहिनी, आधी वाटी धरा. सांभाळून हं, कुंपणाची तार लागेल हाताला. शिरा आहे, केळं घातलेला. नाही हो, पूजा कसली! आज 19 ऑगस्ट, वाढदिवस आहे. आमच्या ह्यांचा नाही, ह्यांचा मार्चमध्ये. जॉनचा. जॉन डीकन, क्वीन बँडमधला बेस वाजवणारा.

हसा, हसा. आमचे हेही सकाळी हसले, पण दोन वाट्या खाल्ल्या.

तुम्हाला त्यातला गाणारा फ्रेडी तेवढा ठाऊक. वाईत राहून तो ठाऊक नसेल तर नवलच. पसरणीचा घाट चढला की पाचगणी. झांझिबारहून आलेलं पारशाचं पोर तिथल्या सेंट पीटर्समध्ये शिकलं. तेव्हा नाव फारोख बलसारा, वय आठ वर्षं. शाळेतल्या मुलांनी हेक्टिक्स नावाचा बँड काढला, त्यात मुख्य गाणारा हा नव्हताच बरं का! हा पियानोवर. आता पाचगणीत ज्याला विचाराल त्याचा मामा त्याच्याबरोबर टेबल टेनिस खेळलेला असतो. एवढ्या मामांशी खेळून पोराला अभ्यासाला वेळ कधी मिळाला असेल, देव जाणे.

दादानं पुण्याहून कॅसेट आणली तेव्हा मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी इथे डोंगराच्या पायथ्याशी बसून ऐकत होते आणि वाटत होतं, हा कुणी लाटसाहेबाचा मुलगा असणार. तरी खरं सांगू? माझा पाय हलला तो गाण्यानं नाही. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' लावलं की आधी नुसता बेस येतो. दुडुम, दुडुम, दुडुम. गाणारा मागाहून. ते गाणं जॉनचं, 1980 साली अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलेलं. फोटोत बघावं तर हा कडेला उभा, लग्नात मुलीच्या धाकट्या भावानं उभं राहावं तसा.

बाकी तिघांचं काय विचारता! फ्रेडीच्या तोंडात मागे चार दात जास्तीचे, म्हणून पुढचे बाहेर आलेले. काढून का नाही टाकले? आवाज बदलेल ही भीती. आणि मजा बघा, ड्रम वाजवणारा रॉजर टेलर दाताचा डॉक्टर व्हायलाच लंडनला आलेला! घरात वैद्य आणि रोगी पलीकडच्या खोलीत. अर्थात त्यानंही ते शिक्षण अर्ध्यावर सोडलं म्हणा.

हा रॉजर महा इरसाल. 'बोहेमियन रॅप्सडी'ची तबकडी 1975 मध्ये निघाली, तिच्या मागच्या बाजूला ह्याचं गाणं, मोटारीवरच्या प्रेमाचं. लोकांनी तबकडी घेतली फ्रेडीच्या गाण्यासाठी, पण पैसे दोन्ही बाजूंना सारखे. म्हणजे पंगतीत पुरणपोळ्या एकीनं लाटायच्या, कोशिंबीर दुसरीनं करायची आणि साडी दोघींना सारखी! धुसफूस होणारच. शेवटी 1989 च्या 'द मिरॅकल'पासून त्यांनी सगळ्या गाण्यांवर क्वीन एवढंच नाव घातलं. आपल्याकडे हे शहाणपण वाटणीच्या आधी सुचलं असतं तर किती कोर्टकचेऱ्या वाचल्या असत्या.

ब्रायन मे मात्र घरोघरी हवा असा मुलगा. पोरवयात बापाबरोबर बसून स्वतःची गिटार स्वतः केली. शेकोटीच्या जुन्या चौकटीचं लाकूड, जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा, आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. आयुष्यभर तीच वाजवतोय, आणि तीही सहा पेन्सच्या नाण्यानं. आकाशातल्या धुळीवर पीएचडी करायला घेतली होती, बँडपायी ती राहिली, ती 2007 साली साठीच्या उंबरठ्यावर पुरी केली. तुमच्या पुतण्याला सांगा, अजून वेळ आहे.

आणि तो व्हिडिओ दाखवला होता ना मी तुम्हाला, चौघं बायका झालेत तो? मिशीवाला फ्रेडी झाडलोट करतोय, ब्रायनच्या डोक्याला रोलर, रॉजर शाळकरी मुलगी. अमेरिकेत म्हणे लोकांनी नाकं मुरडली. बालगंधर्वांच्या मुलखात आपल्याला काय त्याचं! पण त्यात कोपऱ्यात रुसून बसलेली ती काळ्या टोपीतली म्हातारी, ती कोण सांगा? आपला जॉन. आणि गाणं कुणाचं? त्याचंच.

मुलगा हुशार हो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये पहिल्या वर्गात पास. कचऱ्यात फेकलेलं एक सर्किट उचलून आणलं आणि त्याचा लहानसा अँप्लिफायर केला. ब्रायननं त्यातून गिटारीचे कितीतरी आवाज काढले. बँडमध्ये सगळ्यात शेवटी आला, 1971 मध्ये, वय एकोणीस. शेंडेफळ.

फ्रेडी 24 नोव्हेंबर 1991 ला गेला. पंचेचाळीस वर्षांचा. जाळायच्या आधी पारशी दस्तुरांनी प्रार्थना म्हटल्या. ब्रायन आणि रॉजर रडले, मग पुन्हा उभे राहिले, नवे गाणारे घेतले, अजून दौरे करतात. करू देत, मला त्यांचा राग नाही. पण जॉन 1997 नंतर पुन्हा आलाच नाही. 2001 मध्ये अमेरिकेत बँडचा मोठा सन्मान झाला, तिथेही नाही. मुलाखत नाही, आठवणींचं पुस्तक नाही. अख्खं जग फ्रेडीवर प्रेम आहे म्हणून सांगत फिरतं, हा एक शब्द बोलत नाही. माझ्या लेखी त्याच्याएवढं दुःख कुणीच केलं नाही.

काय म्हणालात? पैसे? मिळतात की! गाणी त्याची आहेत. ब्रायननंच सांगितलंय, पैशाच्या निर्णयात अजून जॉनचं लक्ष असतं म्हणून.

म्हणजे तुमच्या धाकट्या भावजींसारखं म्हणता? जत्रेला यायचं नाही, वर्षश्राद्धाला यायचं नाही, पण उसाचं बिल निघालं की पहिला फोन त्यांचा?

वहिनी, वाटी द्या इकडे. त्यांची नि जॉनची बरोबरी नाही करायची. आधी म्हणावं भावजींना, एक गाणं करून दाखवा.

अहो, थट्टा केली. खा, गार होतोय.